मिनेसोटात शेतातली गूज शिकार: पात्रता, कागदपत्रं आणि व्हिसावर असणाऱ्यांनी आधी वाचायचं ते

सप्टेंबर लागला की रॉचेस्टरच्या आसपास ओट आणि गव्हाच्या कापलेल्या रानांत कॅनडा गूजचे, म्हणजे इथल्या रानहंसांचे, थवे उतरायला लागतात. ऑफिसातलं कुणीतरी विचारतं, "येणार का शनिवारी पहाटे?" उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब बघत मोठ्या झालेल्या माणसाला हा प्रश्न गोंधळात टाकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार म्हणजे गुन्हा. इथे ती लायसन्सवर चालते आणि त्या लायसन्सचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. १९६२च्या जानेवारीत याच रॉचेस्टरच्या सिल्व्हर लेकवर हॅरॉल्ड हॅन्सन या अभ्यासकाला नामशेष समजली गेलेली मोठी कॅनडा गूज सापडली होती. आज तिची शिकार करता येते, इतकी ती सावरली आहे.

व्हिसाचा मुद्दा सगळ्यात आधी घेते, कारण चूक इथेच होते आणि ती महागात पडते. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. मित्राची बंदूक हातात घेतली तरी ते 'बाळगणं'च. या मनाईला काही अपवाद आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणून क्रम कधी उलटा करू नका: आधी लायसन्स, मग बंदूक. दुकानातून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात नागरिकत्व विचारतात, आय-९४ या देशातल्या प्रवेशाच्या नोंदीवरचा क्रमांक मागतात आणि अपवादाचा पुरावा म्हणून हेच लायसन्स दाखवावं लागतं.

आता तारीख बघा. मिनेसोटाचं स्मॉल गेम लायसन्स, म्हणजे पक्षी आणि छोट्या प्राण्यांच्या शिकारीचं लायसन्स, १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतं, मग तुम्ही ते सप्टेंबरात का घेतलेलं असेना. हंगाम संपला म्हणून बंदूक कपाटात ठेवली, नूतनीकरण पुढच्या शरदावर टाकलं, तर मधल्या महिन्यांत तुमच्याकडे बंदूक आहे पण अपवादाचा कागद नाही. घरात निपचित पडलेली ती बंदूक तुमचा व्हिसा आणि ग्रीन कार्डचा अर्ज दोन्ही धोक्यात आणू शकते. मार्च उजाडताच नवीन लायसन्स घ्या. स्वतःची बंदूक घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, हे मी कळकळीने सांगते. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

कोणते कागद लागतात

३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्म असेल तर फायरआर्म्स सेफ्टी सर्टिफिकेट हवं. प्रौढांना हा कोर्स ऑनलाइन करता येतो. मुलांना ऑनलाइन अभ्यासाबरोबर मैदानावरचा एक दिवसही करावा लागतो. आधी एकदा अनुभव घेऊन बघायचा असेल तर अप्रेंटिस हंटर म्हणून लायसन्सधारक माणसाबरोबर जाता येतं, पण ती सवलत आयुष्यात मोजक्याच वेळा मिळते.

सर्टिफिकेट हाती आलं की स्मॉल गेम लायसन्स. ते राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या वेबसाइटवर किंवा खेळसाहित्याच्या दुकानातल्या काउंटरवर मिळतं. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी जवळ ठेवा, सोशल सिक्युरिटी नंबरही विचारतात. रहिवाशाच्या दरासाठी राज्यात किमान ६० दिवसांचं कायदेशीर वास्तव्य लागतं. तुमचा व्हिसा त्या व्याख्येत बसतो का, हे पैसे भरण्याआधी डीएनआरला विचारून घ्या.

त्याच काउंटरवर एचआयपीचे, म्हणजे स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीच्या नोंदणीचे, प्रश्न येतात: गेल्या हंगामात बदकं किती, गूज किती. पहिल्याच वर्षी असाल तर उत्तर शून्य, तरी ही नोंद करावीच लागते. ती लायसन्सवर छापून आली आहे का, हे तिथेच उभं राहून वाचा. जोडीला राज्याचा वॉटरफाउल स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीचं शुल्क-तिकीट, ७.५० डॉलरचा आणि वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला केंद्राचा डक स्टॅम्प २५ डॉलरचा.

हा डक स्टॅम्प १९३४ पासून चालत आलेला आहे आणि दिसायला टपाल तिकिटासारखा सुंदर. त्यामुळे तो खराब होऊ नये म्हणून लोक कोरा जपतात. तसा तो चालत नाही. कागदी स्टॅम्प असेल तर त्याच्या दर्शनी बाजूवर, चित्रावरूनच, शाईच्या पेनाने सही करायची. मलाही त्या चित्रावर पेन टेकवताना जिवावर आलं होतं. ई-स्टॅम्प आता पूर्ण हंगाम चालतो, त्यामुळे ज्यांना चित्र जपायचं आहे त्यांची सोय झाली आहे. दोन्ही ३० जूनपर्यंत वैध.

शेतकऱ्याची परवानगी

मिनेसोटात शेतजमिनीवर 'प्रवेश बंद' पाटी नसली तरी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. धसकटं उभी असलेलं रानही शेतजमीनच. दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर, माणसं किंवा गुरं असलेल्या इमारतीपासून ५०० फुटांच्या आत बार काढायचा तर लेखी परवानगी हवी. मी सगळीकडेच लेखी घेते: तारीख, कोणतं शेत, किती माणसं, गाडी कुठे लावायची. पाऊस झाला असेल तर गाडी रानात घालू नका, चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या वर्षीचा दरवाजा बंद होतो.

डिकॉयची, म्हणजे थवा खाली उतरवायला ठेवलेल्या नकली पक्ष्यांची, छोटी मांडणी इथेच कामाला येते. डझन-दीड डझन डिकॉय, त्यातले निम्मे पुठ्ठ्यासारखे सपाट, खांद्यावर टाकून एका फेरीत नेता येतात. सप्टेंबरात गूज कुटुंबाकुटुंबाने फिरतात, त्यांना तेवढे पुरतात. चार-पाचचे पुंजके करा आणि मधे उतरायला मोकळी जागा ठेवा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, हे धरून बसा. आदल्या संध्याकाळी थवा नेमका कुठे चरत होता ते बघून ठेवलं असेल तर कमी डिकॉयचं काही वाटत नाही.

शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: पीक नेहमीसारखं कापलंय ना? नेहमीच्या कापणीत सांडलेल्या दाण्यांवर बसलेले गूज चालतात. पण शिकारीसाठी उभा मका आडवा केला किंवा दाणे टाकले, तर ते आमिष ठरतं. दाणे पूर्ण उचलल्यानंतरही दहा दिवस तिथे शिकार नाही. 'मला सांगितलं नव्हतं' हे नेहमी चालत नाही, कारण तुम्हाला कळायला हवं होतं का, हेही तपासलं जातं.

रानात तपासणी होते तेव्हा

बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. घरीच नकली काडतुसांनी बघा: चौथं आत गेलं तर जागा अडवणारा आतला प्लग नाही किंवा सरकलाय. शिशाचे छर्रे खिशात सापडले तरी गुन्हा, स्टील किंवा मान्य बिनविषारी छर्रेच न्या. रेकॉर्ड केलेला आवाज आणि जिवंत पक्षी डिकॉय म्हणून वापरायला बंदी आहे. हंगामाच्या तारखा, वेळा आणि रोजची मर्यादा डीएनआरच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच घ्या, गेल्या वर्षीच्या आठवणीतून नको.

घरी नेताना पक्ष्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख तसाच ठेवावा लागतो, म्हणजे जात ओळखता येते. शेजाऱ्याकडे साफ करायला किंवा फ्रीजरमध्ये ठेवायला दिलात तर चिठ्ठी बांधा: तुमचं नाव, पत्ता, सही, किती पक्षी, कोणती जात, कोणत्या दिवशी मारले.

आणि पाय बघा. एखाद्याच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं असतं, त्यावर आकडे कोरलेले. तो क्रमांक रिपोर्टबँड या सरकारी संकेतस्थळावर नोंदवा, कडं तुमच्याकडेच राहतं. काही दिवसांत उत्तर येतं: या पक्ष्याला कुठे आणि कधी कडं घातलं होतं.