‘क्लाइम्ड’ की ‘हॅज क्लाइम्ड’? आधी कर्ता कोण ते बघा

‘हिलरी क्लाइम्ड एव्हरेस्ट’ आणि ‘हिलरी हॅज क्लाइम्ड एव्हरेस्ट’. पहिल्याचं मराठी ‘चढले’, दुसऱ्याचं ‘चढले आहेत’, असं आपण झटकन सांगतो आणि पुढे जातो. मराठीत ते चालूनही जातं. ‘शेक्सपिअरने शोकांतिकाही लिहिल्या आहेत’ या वाक्यात कुणालाच काही वावगं वाटणार नाही. त्याचं जसंच्या तसं ‘शेक्सपिअर हॅज रिटन ट्रॅजेडीज’ केलं, की इंग्रजी कानाला मात्र खटकतं. शेक्सपिअर १६१६ साली वारला. तिथे ‘रोट’च हवं.

शाळेत आपण ‘हॅज’वालं रूप भूतकाळाच्या शेजारी बसून शिकतो, म्हणून तेही भूतकाळाचंच वाटतं. पण त्याचं नावच पूर्ण वर्तमानकाळ आहे. ‘क्लाइम्ड’ हे तेव्हा काय झालं ते सांगतं. ‘हॅज क्लाइम्ड’ हे आज त्या माणसाच्या गाठीशी काय आहे ते सांगतं. गाठीशी असायला माणूस तर हवा!

हिलरींचंच बघा. तेनझिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोचले. तेनझिंग १९८६ साली गेले, हिलरी जानेवारी २००८ मध्ये. म्हणजे २००७ साली ‘हिलरी हॅज क्लाइम्ड एव्हरेस्ट’ हे वाक्य बिनचूक होतं. आज तेच चुकीचं वाटतं. व्याकरण बदललं नाही, चढाई बदलली नाही, फक्त कर्ता राहिला नाही. व्याकरणाच्या नियमात इतकी माणसाची चाहूल मला क्वचितच दिसते.

आता कर्त्याच्या जागी डोंगर ठेवा: ‘एव्हरेस्ट हॅज बीन क्लाइम्ड मेनी टाइम्स’. बरोबर, कारण एव्हरेस्ट जागच्या जागी आहे आणि लोक अजून चढताहेत. ‘डार्विन हॅज इन्फ्लुअन्स्ड मेनी सायंटिस्ट्स’ हेही चालतं. डार्विन नाही, पण त्याचा प्रभाव अजून आहे. निधनाची ताजी बातमी देताना तर गेलेल्या माणसाच्या नावापुढेच ‘हॅज डाइड’ येतं, कारण तिथे बातमी आजची असते. तारीख घातली, की लगेच ‘डाइड’.

तारखेचा नियम वेगळा आणि सोपा: ‘यस्टरडे’, ‘अगो’, ‘इन नाइन्टीन फिफ्टी-थ्री’ असं संपलेल्या काळाचं काही वाक्यात आलं, की ‘हॅज’ बाद. मग कर्ता हयात असो वा नसो.

‘जॉन हॅज गॉन टू पॅरिस’ आणि ‘जॉन हॅज बीन टू पॅरिस’ यांतही लोक अडखळतात. इथे मराठी आपल्या मदतीला येते. पहिलं म्हणजे ‘गेला आहे’, दुसरं म्हणजे ‘जाऊन आला आहे’. पहिल्यात जॉन इथे नाही.

मराठी जिथे पाय ओढते ती जागा ‘होतो’ची. ‘मी काल गेलो होतो’ हे आपण दिवसभर म्हणतो आणि त्याचं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ करून टाकतो. एवढंच सांगायचं असेल तर ‘आय वेन्ट यस्टरडे’ पुरे. ‘हॅड’ वापरला की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो: गेला होतास, मग काय झालं? ती दुसरी घटना असेल तेव्हाच ‘हॅड’ शोभतो. १९५२ साली तेनझिंग एका स्विस मोहिमेबरोबर शिखराच्या बरेच जवळ गेले होते आणि तिथून परतले होते. म्हणून ‘तेनझिंग हॅड ट्राइड बिफोर ही रीच्ड द टॉप’. आधी ‘हॅड ट्राइड’, मग ‘रीच्ड’.