क्रंपल झोन

क्रंपल झोन म्हणजे धडकेच्या वेळी चुरगळण्यासाठीच घडवलेला मोटारीचा पुढचा आणि मागचा भाग. प्रवासी बसतात तो मधला पिंजरा मात्र होईल तितका कडक ठेवतात. ही कल्पना मर्सिडीज-बेंझमधील अभियंते बेला बारेनी यांची. त्यांनी १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ च्या डब्ल्यू १११ मालिकेतील गाड्यांत ती प्रत्यक्षात आली.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगातल्या ७० किलोच्या माणसाची गतिज ऊर्जा सुमारे ६,७५० जूल भरते. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या माणसाची जमिनीवर आदळताना असते साधारण तेवढी. ती शून्यावर आणणे टळत नाही, किती अंतरात आणायची एवढेच आपल्या हाती असते. बॉनेट चुरगळून आणि सीटबेल्ट ताणला जाऊन तो ६० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावरचे सरासरी बल ११ हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे वजनाच्या सोळा पट. डॅशबोर्डवर आदळून ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर जवळजवळ दोनशे पट. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. चुरगळायला जागा मात्र तेवढीच राहते.

हा फायदा बेल्ट लावणाऱ्यालाच. बेल्ट नसलेला माणूस गाडी थांबत असतानाही मूळ वेगानेच पुढे जातो. त्याच्यापुरते बॉनेटचे चुरगळणे वाया गेले. व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणलेला तीन ठिकाणी अडकवलेला बेल्ट हे बल छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर घेतो. प्रीटेन्शनर त्याचा ढिलेपणा क्षणात ओढून घेतो. एअरबॅग तीसेक मिलिसेकंदांत फुगते आणि डोके टेकताच हवा सोडू लागते. ती बेल्टच्या जोडीला आहे, बेल्टऐवजी नाही. मागच्या सीटवर बेल्ट कशाला, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागेच बसले होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

'जुन्या गाड्या कशा दणकट होत्या' ही तक्रार मात्र तपासून झाली आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमासंस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. बेल एअरचा प्रवासी-पिंजराच कोसळला. तिचा चालक वाचला नसता. मालिबूचे नाक चेपले, पण चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती एवढेच.

त्यामुळे गाडीच्या पुढच्या बाजूला हौसेने बसवलेले लोखंडी गार्ड नुकसानच करतात. ते धक्का थेट चासीत पोचवतात, चुरगळण्याचा ठरलेला क्रम मोडतात आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकवू शकतात. समोरच्या पादचाऱ्याला होणारी इजा वेगळीच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले.