वणवा विझवणाऱ्यांच्या लीडरशिप कोर्सचं मूल्यमापन

जंगलातला वणवा विझवायला जाणाऱ्या क्रूचे प्रमुख तयार करायला जे कोर्स घेतात ते खरंच कामाचे आहेत का, आणि तो कोर्स करून गेलेला माणूस उद्या डोंगरउतारावर धुरात उभा असताना आधीपेक्षा वेगळा वागतो का, हे तपासून बघण्याच्या पद्धतींबद्दल ही नोंद आहे. हे काम मुख्यतः अमेरिकेत वाढलं, त्यामुळे इथली उदाहरणंही तिकडचीच आहेत. तिथे नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप म्हणजे एनडब्ल्यूसीजी ही १९७६ पासूनची संस्था आहे, केंद्राच्या आणि राज्यांच्या वणवा विझवणाऱ्या यंत्रणांना एकत्र बसवून ट्रेनिंग कसं असावं, कोणत्या पदाला काय यायला हवं याचे सगळ्यांसाठी सारखे नियम ठरवणारी.

आता प्रश्न असा की आग विझवायच्या ट्रेनिंगमध्ये लीडरशिप हा वेगळा विषय कशाला. त्याचं उत्तर दोन डोंगरांवर आहे.

पहिला मोंटाना राज्यातला मान गल्च, ५ ऑगस्ट १९४९. विमानातून पॅराशूटने उतरलेले १५ स्मोकजंपर आणि खाली त्यांना येऊन मिळालेला एक फायर गार्ड असे १६ जण दरीतून चालले होते आणि आगीने अचानक त्यांच्याकडे मोर्चा वळवला. फोरमन वॅगनर डॉज याने ओरडून सांगितलं की हत्यारं टाका, आणि मग पळता पळता थांबून समोरचं गवत स्वतःच पेटवलं, म्हणजे ते जळून गेलं की त्या काळ्या जागेत पडून राहता येईल. कल्पना बरोबर होती, तो स्वतः त्याच जागेत वाचला. पण आग मागे लागलेली असताना आपला प्रमुख काडी ओढून आणखी आग का लावतोय हे बाकीच्यांना कळलंच नाही, ते पुढे पळत गेले आणि १३ जण गेले. डॉजने यातल्या बऱ्याच जणांबरोबर आधी कामच केलेलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बोलणारी गोष्ट तीच आहे, कारण ज्याला आपण ओळखत नाही त्याचं विचित्र वाटणारं म्हणणं त्या क्षणी कोण ऐकणार? १९९३ मध्ये कार्ल वाइक या संघटनशास्त्राच्या अभ्यासकाने यावर जो निबंध लिहिला तो अजून वाचला जातो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की आधी माणसांचा एकमेकांशी असलेला धागा तुटला, समोर काय चाललंय याचा अर्थ लागेनासा झाला, आणि मग जीव गेले.

दुसरा डोंगर कोलोरॅडोतला स्टॉर्म किंग. ग्लेनवूड स्प्रिंग्ज गावाजवळ २ जुलै १९९४ ला वीज पडून लहानशी आग लागली, कागदावर तिचं नाव साउथ कॅन्यन फायर पडलं. ६ जुलैला दुपारी कोरडा कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचा पुढे सरकणारा पट्टा आला, वारा सुटला आणि ओकच्या झुडपांतून आग चढावर इतक्या वेगाने धावली की १४ जण मेले, ९ ओरेगनच्या प्राइनव्हिल हॉटशॉट क्रूचे (हॉटशॉट म्हणजे वणव्याच्या अवघड कामासाठी तयार केलेलं खास पथक), ३ स्मोकजंपर, २ हेलिकॉप्टर क्रूचे. वारा सुटणार हा अंदाज हवामानवाल्यांनी दिलेला होता, तो आगीच्या कडेला काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचला नाही. आणि उतारावरून खाली खाली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला झाडझुडूप साफ केलेला पट्टा, काढत जायचं हे काही जणांना पटत नव्हतं, मनात शंका होती, पण ती नीट बोलली गेली नाही किंवा बोलूनही काम तसंच चालू राहिलं. ज्वाळेची उंची मोजायला शिकवणं एक, आणि क्रूमधल्या नवख्या पोराला "मला हे बरोबर वाटत नाहीये" असं प्रमुखाच्या तोंडावर म्हणता येणं दुसरं, ही दुसरी गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये धडपणे नव्हती. मग १९९५ ला मिझुला इथे मानवी घटकांवर, म्हणजे ताणाखाली माणूस कसा वागतो-बोलतो यावर, कार्यशाळा झाली, ट्रायडेटा नावाच्या कंपनीने टप्प्याटप्प्याने वणवा-सेवेच्या सुरक्षा-संस्कृतीचा मोठा अभ्यास केला, पुढे २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात थर्टीमाइल फायरमध्ये आणखी ४ जण गेले, आणि त्या सुमारास एनडब्ल्यूसीजीचा लीडरशिपचा स्वतंत्र अभ्यासक्रम आकाराला आला.

अभ्यासक्रम पायऱ्यांचा आहे. एल-१८० सगळ्यांसाठी, पहिल्या सीझनच्या माणसालाही, त्यात ताण, थकवा, संवाद, माणसाचं लक्ष कसं भरकटतं असले विषय. एल-२८० हा पहिल्यांदा छोटं पथक सांभाळणाऱ्यासाठी दोन दिवसांचा, एक दिवस वर्गात आणि एक दिवस बाहेर मैदानात दोरखंड, फळ्या घेऊन कोडी सोडवायची आणि आळीपाळीने लीडर व्हायचं. एल-३८० हा फायरलाइनवरच्या क्रू-प्रमुखांचा, चार-पाच दिवसांचा, आणि त्याच्या वर एल-३८१, एल-४८०, एल-५८० असे मोठ्या जबाबदारीचे. या सगळ्याच्या मुळाशी कर्तव्य, आदर आणि सचोटी ही तीन मूल्यं धरलेली आहेत, आणि २००७ मध्ये ती एका छोट्या पुस्तकात मांडली गेली.

मूल्यमापनाचा खरा प्रश्न एल-३८० पाशी येतो, कारण हा कोर्स बऱ्याच वेळा खासगी कंपन्या चालवतात. पुस्तक एकच ठरवून दिलं आणि सगळीकडे तेच वाचलं असं इथे नाही, काय साध्य व्हायला हवं त्याचे निकष दिलेले असतात आणि ते कसं शिकवायचं हे कोर्स देणाऱ्यावर असतं. म्हणजे एका गावातला एल-३८० आणि दुसऱ्या गावातला एल-३८० नावाने सारखे पण आतून वेगळे असू शकतात, म्हणून निकषांवर घासून बघणं आलं, आणि त्यासाठी अनुभवी माणूस वर्गात मागे बसवणं आलं.

तर मोजायचं कसं? १९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी कुठल्याही ट्रेनिंगसाठी चार पातळ्या सांगितल्या होत्या, त्या इथेही उपयोगी पडतात. लोकांना कोर्स आवडला का ही पहिली, काही शिकले का ही दुसरी, कामावर वागणं बदललं का ही तिसरी, आणि शेवटी परिणाम झाला का ही चौथी.

पहिली पातळी सोपी आहे म्हणून सगळीकडे तीच होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फॉर्म वाटतात, सगळ्यांना घरी जायची घाई, पाचपैकी पाच टिक करून मोकळे. आपल्याकडे ऑफिसच्या ट्रेनिंगनंतर जे होतं तेच. शिकवणारा गमतीशीर असेल, जेवण बरं असेल तर आकडे छान येतात, आणि ज्याने वर्गाला अस्वस्थ केलं, तुमची चूक तुमच्याच तोंडून वदवून घेतली, त्याला कमी मार्क पडतात. लीडरशिपच्या कोर्समध्ये तर हे फारच उलटं आहे, कारण थोडं अस्वस्थ व्हायला लावणं हेच त्या कोर्सचं काम आहे, त्यामुळे नुसत्या आवडल्या-नावडल्याच्या आकड्यावर कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवणं मला अगदी चुकीचं वाटतं.

दुसऱ्या पातळीवर लेखी परीक्षा असतेच. १९५७ सालचे दहा फायरफायटिंग ऑर्डर्स, अठरा धोक्याच्या परिस्थिती, पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये मांडलेलं टेहळणी, संपर्क, सुटकेच्या वाटा आणि सुरक्षित जागा हे चार गोष्टींचं सूत्र, हे सगळं पाठ असतं लोकांना. पण पाठ असणं आणि वेळेला आठवणं यात फार अंतर आहे, आणि म्हणून जाणकार परीक्षक पेपर बाजूला ठेवून सँड टेबलपाशी जाऊन उभे राहतात.

सँड टेबल म्हणजे वाळूने भरलेला मोठा ट्रे. हाताने डोंगर उठवायचे, बोटाने घळ काढायची, निळी लोकर म्हणजे नदी, लाल लोकर म्हणजे आगीची कड, खेळण्यातली गाडी म्हणजे बंब. शिकणाऱ्याला सांगतात की तू इथे आहेस, तुझ्याकडे एवढी माणसं आहेत, पाच मिनिटांत निर्णय घे आणि क्रूला ब्रीफिंग दे. तो बोलायला लागतो आणि मध्येच शिकवणारा लाल लोकर उचलून खाली सरकवतो, वारा फिरला, आता? आणि दुसऱ्या एकाला आधीच कानात सांगून ठेवलेलं असतं की तू नवखा आहेस, तुला वरची वाट बरोबर वाटत नाहीये, एकदाच आणि हळू आवाजात तसं म्हण.

मागे उभा असलेला परीक्षक इथे काय बघतो? ब्रीफिंगमध्ये काम काय, कशासाठी आणि शेवटी काय दिसायला हवं हे तिन्ही आलं का, की नुसतं "चला तिकडे" झालं. वणवा-सेवेत प्रत्येकाच्या संवादाच्या पाच जबाबदाऱ्या सांगितलेल्या आहेत, की ब्रीफिंग द्या, काम झाल्यावर परत बोला, धोका दिसला की दुसऱ्यांना सांगा, निरोप मिळाला की पोच द्या, आणि माहीत नसेल तर विचारा. या पाची गोष्टी कानाने ऐकता येतात, म्हणजे मोजता येतात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं कारण "लीडरशिप" सारखा हवेतला शब्द इथे जमिनीवर येतो. आणि तो हळू आवाज. लीडरने मान वळवली का, "काय म्हणालास, परत सांग" म्हणाला का, की रेटून पुढे गेला? प्लॅन बदललाच पाहिजे असं नाही, पण ऐकलं का हे दिसतं. वणव्यावर खिशात ठेवायच्या छोट्या मार्गदर्शिकेत धोका पत्करायला नकार कसा द्यायचा याचं एक वेगळं पान आहे, म्हणजे नकार देणं ही बंडखोरी नाही तर कामाचाच भाग आहे असं छापून दिलंय, आणि चांगल्या कोर्समध्ये त्या पानाची प्रॅक्टिस होते, वाईट कोर्समध्ये ते नुसतं वाचून दाखवतात.

याच वेळी शिकवणाऱ्याचीही परीक्षा चालू असते. सँड टेबलनंतर जी चर्चा होते ती सैन्याकडून आलेल्या आफ्टर ॲक्शन रिव्ह्यूच्या धर्तीवर असते, काय ठरलं होतं, खरं काय झालं, असं का झालं, पुढच्या वेळी काय करू. तेव्हा कोण बोलतंय ते घड्याळ लावून बघावं. अर्ध्याहून जास्त वेळ शिकवणाराच स्वतःच्या जुन्या वणव्यांच्या गोष्टी सांगत असेल तर गोष्टी कितीही रंगतदार असोत कोर्स फसला असं मी म्हणेन, कारण मग शिकणाऱ्याला स्वतःच्या निर्णयाकडे वळून बघायला वेळच उरत नाही.

स्टाफ राइडचंही तसंच. ही पद्धत मुळात सैन्याची, प्रशियाच्या अधिकाऱ्यांची, जुन्या रणभूमीवर जाऊन लढाईचे निर्णय तिथे उभं राहून तपासायचे. वणवावाले मान गल्चला जातात, स्टॉर्म किंगला जातात. स्टॉर्म किंगवर स्मारकाची पायवाट आहे, जिथे जिथे माणसं पडली तिथे तिथे क्रॉस लावलेले आहेत. तो चढ स्वतःच्या पायाने चढला की कळतं पळणं म्हणजे काय होतं. पण स्टाफ राइडची गुणवत्ता डोळ्यात पाणी आलं का यावर ठरत नाही, ती प्रश्नांवर ठरते. "त्यांनी असं कसं केलं" हा प्रश्न आला की मेलेल्या माणसांवर शेरे मारून लोक परत येतात. "त्या वेळी त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच मला माहीत असतं तर मी काय केलं असतं" हा प्रश्न आला तर काहीतरी शिकणं होतं. आधी वाचून येणं सक्तीचं आहे का, प्रत्येक थांब्यावर निर्णयाचा प्रश्न ठरलेला आहे का, हे बघितलं की राइडचा दर्जा बराचसा कळतो.

तिसरी पातळी, कामावरचं वागणं, ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी होणारी. त्याला वेळ लागतो. कोर्स वसंतात, सीझन उन्हाळ्यात, आणि बरेच जण हंगामी असतात, शरद आला की पांगतात. तरी करता येतं. क्रूच्या प्रमुखाला न विचारता त्याच्या हाताखालच्यांना नावं न टाकता विचारायचं, की तुमचा माणूस चूक सांगितल्यावर ऐकतो का, बदललेला प्लॅन तुमच्यापर्यंत पोचतो का, रोज संध्याकाळी रिव्ह्यू होतो की फक्त काही बिघडलं तरच. वीस जणांचा हॉटशॉट क्रू महिनोन्महिने एकत्र राहतो, खातो, झोपतो, त्यांना सगळं माहीत असतं. सीझनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारलं की फरक दिसतो, आणि फरक दिसला नाही तर तीही माहितीच.

चौथ्या पातळीवर मात्र जपून बोलावं लागतं. मृत्यू कमी झाले म्हणून कोर्स चांगला असं म्हणायचा मोह होतो. पण असे अपघात सुदैवाने विरळ असतात, त्यात गवत किती वाळलंय, वारा कसा, घरं कुठपर्यंत जंगलात घुसलीत या गोष्टींचा हात असतो. ३० जून २०१३ ला ॲरिझोनात यार्नेल हिल इथे ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्सचे १९ जण गेले, तेव्हा लीडरशिपचा अभ्यासक्रम चालू होऊन दहाएक वर्षं झालेली होती, त्यावरून सगळं ट्रेनिंग फुकट गेलं असं म्हणणंही चूक आणि ट्रेनिंगचा काही संबंधच नाही म्हणणंही चूक. जवळपास हुकलेले प्रसंग, वेळेत माघार घेतल्याच्या नोंदी, नम्रपणे नाकारलेली कामं, हे जास्त उपयोगी. २००२ पासून ॲरिझोनातल्या टूसॉन इथे वणव्यांतून मिळालेले धडे गोळा करणारं एक केंद्रच आहे, तिथले अहवाल परत परत कोर्समध्ये येतात का हा सुद्धा एक चांगला निकष आहे.

भारताशी याचा एक धागा आहे. कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतर तिकडे जी इन्सिडंट कमांड पद्धत तयार झाली तिच्याच आधारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये आपली इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिमची मार्गदर्शक तत्त्वं काढली, म्हणजे कोण कोणाला रिपोर्ट करणार याची चौकट आपल्याकडेही आली. महाराष्ट्रात मेळघाटात, गडचिरोलीत उन्हाळ्यात वणवा लागला की वनरक्षक आणि रोजंदारीवरचे गावकरी झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन जातात, जाळरेषा साफ करतात, आणि त्यांच्यात वाऱ्याची दिशा सगळ्यात आधी कळणारा माणूस पुष्कळदा सगळ्यात खालच्या पदावरचा असतो. तिथे कोर्स घेतला तर परीक्षकाने सगळ्यात आधी त्याच्याजवळ बसून त्याला विचारावं, साहेबांना सांगितलंस का, आणि साहेब काय म्हणाले.