‘संसार’ म्हणजे ‘सार असलेला’?

लग्नाच्या मोसमात एक संदेश हमखास फिरतो: ‘सं’ म्हणजे चांगले, ‘सार’ म्हणजे गाभा; ज्यात चांगले सार आहे तो संसार. भावना गोड आहे आणि फोडही अगदी नैसर्गिक वाटते. पण शब्द तसा घडलेला नाही.

मूळ धातू ‘सृ’, म्हणजे सरकणे, वाहणे. सरिता त्यातूनच आली. ‘सम्’ लागून ‘संसरति’ झाले: फिरत, वाहत राहतो. त्यावरून संसार.

पडताळा घरबसल्या घेता येतो. प्रसार, अभिसार, अनुसार हे शब्द घ्या. अभिसार म्हणजे प्रिय व्यक्तीला भेटायला जाणे. तिथे गाभ्याचा काय संबंध? या सगळ्यांतला ‘सार’ म्हणजे सरणे, जाणे. दुसरा पुरावा आपल्याच तोंडी आहे, ‘असार संसार’. संसार म्हणजेच सार असते, तर हा शब्दप्रयोग स्वतःलाच खोडून काढणारा ठरला असता.

वाहण्याच्या या अर्थातून पुढे किती वाटा फुटल्या! तत्त्वज्ञानात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा. हिंदीत जग. इंडोनेशियन भाषेत ‘संगसारा’ म्हणजे हालअपेष्टा. मराठीत मात्र तो घरात येऊन बसला: आपण संसार मांडतो, थाटतो, भांडीकुंडी आवरतानाही ‘सगळा संसार बांधला’ म्हणतो. मला मराठीने घेतलेले हे वळण सर्वांत जवळचे वाटते. आणि पुराच्या बातमीत ‘संसार वाहून गेला’ असे वाचताना जुना धातू पुन्हा ऐकू येतो.