रडणं विसरलेली बाळं

संस्थेत वाढणाऱ्या तान्ह्या मुलांचा विषय निघाला की गाडी रुमेनियावर येतेच. तिथल्या गोष्टीची सुरुवात १९६६ च्या एका हुकुमापासून होते. देशाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याला देशाची लोकसंख्या वाढवायची होती. त्याने गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली, पुढे मूल नसलेल्यांवर करही बसवला. १९६७ मध्ये जननदर दुपटीच्या आसपास गेला. मुलं जन्मली खरी, पण ती पोसायची कुणी? ‘आणून द्या, सरकार वाढवील’ हे त्यावरचं उत्तर होतं. त्यामुळे ‘रुमेनियाचे अनाथ’ हा शब्दच फसवा आहे. त्यातल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते.

डिसेंबर १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं संस्थांत होती. दूध ठरल्या वेळी, लंगोटही ठरल्या वेळी. एकेका आयेकडे कितीतरी बाळं, आणि पाळी बदलली की आयाही बदलायची. बाहेरून गेलेल्यांना तिथली शांतता खटकली. रडून कुणी येत नाही हे कळलं की बाळ रडणं सोडतं.

हे नुकसान जगाला अगदीच नवीन नव्हतं. १९४५ मध्ये मनोविश्लेषक रने स्पित्झ यांनी दोन ठिकाणची बाळं ताडून पाहिली होती. स्वच्छ अनाथालयातली बाळं खंगत होती, तर तुरुंगात आपल्या कैदी आईच्या हातात वाढणारी चांगलं बाळसं धरत होती. १९५१ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला. पण एक शंका उरायचीच: मुळात अशक्त मुलंच संस्थेत टाकली जात असतील तर? मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी इंग्लंडात दत्तक गेलेल्या रुमेनियन मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुलं बरीचशी सावरलेली दिसली. तिथेही आक्षेप होताच, कारण दत्तक घेणारे मूल निवडून घेत असतील.

या आक्षेपाला उत्तर मिळालं ते रुमेनियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी संस्थांतल्या १३६ मुलांच्या अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्या: निम्मी पालक-कुटुंबांत (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत), निम्मी होती तिथेच. ऐकायला क्रूर वाटतं. पण शहरात अशी कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती संशोधकांनीच उभी केली. शिवाय संस्थेतल्या मुलाला बाहेर जायची संधी आली तर अडवायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून घरीच असलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या वयाआत कुटुंबात गेलेल्यांना जास्त फायदा झाला.

रुमेनियाने २००४ मध्येच कायदा करून दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवणं बंद केलं. गंभीर अपंगत्व असलेली मुलं तेवढी वगळली. त्यामागे युरोपीय संघाचा रेटाही होता. वरचे आकडे २००७ मध्ये छापून आले आणि त्याच वर्षी रुमेनिया संघात दाखल झाला.