शांत वेळ (ख्रिस्ती चिंतनपद्धती)

दिवसाचा ठरावीक भाग, बहुधा पहाटेचा, मौनात घालवायचा. बायबलमधील एखाद्या उताऱ्यावर मनन करायचे. मनात उमटलेले विचार वहीत टिपायचे आणि पारखून घेऊन त्यांतले काही अमलात आणायचे, अशी ही साधना. इंग्रजी नावाने ती ‘क्वाएट टाइम’ म्हणूनही ओळखली जाते. महाराष्ट्रात तिचे ठळक केंद्र सातारा जिल्ह्यात, पाचगणीला आहे. नव्या कल्पना सुचण्याचा मार्ग म्हणून आज तिची वाखाणणी होते. मात्र ज्यांनी ती घडवली त्यांना कल्पना नको होत्या, देवाची इच्छा काय ते कळायला हवे होते. कल्पना त्या वाटेवर सापडत गेल्या.

मौन आणि मनन ही ख्रिस्ती मठांची जुनी रीत. बाराव्या शतकात कार्थूसियन या मौनव्रती संघाचा संन्यासी दुसरा गीगो याने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवाच्या सान्निध्यात नुसते असणे. पण सुचलेल्या विचाराचे पुढे काय करायचे, हा प्रश्न खरा हाताळला तो जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने (१४९१–१५५६). १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्‌महिने खिळून राहिला. पडल्या पडल्या तो कधी शौर्याची आणि राजदरबाराची स्वप्ने रंगवी, तर कधी संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोडच लागत. मात्र पहिली ओसरली की मन कोरडे पडे, दुसऱ्या प्रकारानंतर समाधान टिकून राही. विचार पारखायची कसोटी त्याला या फरकातून मिळाली. पुढे त्याने रचलेल्या आध्यात्मिक साधनेत (प्रकाशन १५४८) साधकाने बायबलमधला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा असतो : रस्ता कसा होता, कोण काय बोलले, वास कसला येत होता. कल्पनाशक्तीला एवढे मोकळे रान देणारी उपासना ख्रिस्ती परंपरेत विरळाच. सोळाशे सोळामध्ये मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इग्नेशियसच्याच जेझुइट संघाचे होते.

आजच्या शांत वेळेचा थेट उगम मात्र प्रॉटेस्टंट आहे. अमेरिकन ल्यूथरन पाळक फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) यांचे फिलाडेल्फियात ते चालवत असलेल्या वसतिगृहाच्या सहा विश्वस्तांशी खर्चावरून बिनसले होते. १९०८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथे एका लहानशा प्रार्थनासभेत त्यांना आपल्याच मनातला आकस दिसला आणि त्यांनी सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. पुढे पहाटेचा एक तास देवाचे ऐकण्यासाठी राखायची सवय त्यांनी लावून घेतली. त्यांच्याभोवती जमलेला गट ऑक्सफर्ड ग्रुप म्हणून ओळखला गेला. १९३८ पासून त्याचे नाव मॉरल री-आर्मामेंट झाले आणि २००१ मध्ये इनिशिएटिव्हज ऑफ चेंज.

पद्धत अगदी साधी आहे. उतारा वाचून गप्प बसायचे. येईल तो विचार लिहायचा. विजेचे बिल भरायचे राहिले, हा आला तरी तोही. मग प्रत्येकाला चार प्रश्न : यात संपूर्ण प्रामाणिकपणा आहे का, शुद्धता आहे का, निःस्वार्थीपणा आहे का, प्रेम आहे का? शंका राहिली तर विश्वासातल्या माणसापुढे तो विचार ठेवायचा. सुचणे आणि तपासणे यांच्यामध्ये वही ठेवली आहे, हे या पद्धतीचे मर्म. लिहिताना निवड करायची नसते, म्हणून लाजिरवाणे आणि वेडगळ वाटणारेही कागदावर येते, आणि कामाची गोष्ट बरेचदा त्यातच दडलेली असते.

याच चळवळीचे पाचगणीतील ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे केले. तेव्हाच्या उघड्या माळावर त्यांनी लावलेल्या झाडांची आज राई झाली आहे. कारखान्यांतले कामगार आणि व्यवस्थापक, सरकारी अधिकारी, शिक्षक, विद्यार्थी येथे शिबिरांना येतात आणि दिवसाची सुरुवात मौनाने करतात. येथे जे सुचते ते फार चमकदार नसते. भावाशी अबोला सोडायचा, हिशेबातली लबाडी कबूल करायची, संपात समोरच्या बाजूला आधी भेटायचे, अशा धर्तीचे ते विचार असतात. त्यांना ‘सर्जनशील’ म्हणणे काहींना ताणल्यासारखे वाटेल. परंतु अडलेल्या भांडणात दोन्ही पक्षांना न दिसलेली तिसरी वाट दिसणे हे सर्जनच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. याच आवारातील ‘ग्रामपरी’ ही संस्था आसपासच्या गावांत झऱ्यांचे पाणी आणि आरोग्य यांवर काम करते.

काव्यनिर्मितीशी या साधनेचे नाते पाहायचे तर घाट उतरून साताऱ्याला यावे लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यात राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ‘दास म्हणे’ ही नाममुद्रा येते. या रचनांत चिंतन आधी आणि कविता नंतर असा भेद करता येत नाही, अभंग रचणे हेच मननाचे रूप होते. सज्जनगडाच्या पायथ्याशी हे कोणाला वेगळे समजावून सांगायला नको. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबाराची घडी त्यांच्यामागे टिकली नाही, पण त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो हे पुढे ऑक्सफर्ड ग्रुपचे खंदे पुरस्कर्ते झाले आणि पहाटेच्या शांत वेळेवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. साताऱ्याचा अभंग आणि बुकमन यांची वही अशी एका माणसात एकत्र आली होती.

मौनात विचार का सुचतात, याचे एक लौकिक उत्तर इंग्रज विचारवंत ग्रॅहॅम वॉलस यांनी १९२६ मध्ये दिले. त्यांच्या मते सर्जनाच्या चार अवस्था असतात : तयारी, मुरणे, अचानक उजळणे आणि पडताळा. शांत वेळ दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेला सवड देते, वही आणि चार प्रश्न चौथीला. पहिली मात्र साधकालाच आणावी लागते. ज्याने प्रश्नाशी झुंज घेतलेली नाही त्याला पहाटे उठून काय सुचणार? नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ लोरेंझा कोल्झाटो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की मनात येईल ते मोकळेपणाने पाहू देणाऱ्या ध्यानानंतर एका वस्तूचे अनेक उपयोग सुचवण्याची क्षमता वाढते. एकाच गोष्टीवर लक्ष खिळवणाऱ्या ध्यानाचा तसा परिणाम आढळला नाही. तो अभ्यास ख्रिस्ती चिंतनाचा नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

पद्धतीचे सर्वांत दूरगामी फलित बहुधा अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्परसाहाय्य संघटना होय. १९३५ मध्ये अमेरिकेत तिची सुरुवात करणारे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ दोघेही ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात. तिच्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी प्रार्थना आणि ध्यानाची आहे. स्वित्झर्लंडचे डॉक्टर पॉल टूर्निए यांनीही १९३०च्या दशकात ही सवय धरली आणि रोग्याकडे पूर्ण माणूस म्हणून पाहणारी आपली उपचारदृष्टी तिच्या आधारे मांडली.

आक्षेपही जुने आहेत. मनात आले ते देवाने सांगितले, असे मानण्याचा मोह या पद्धतीत सतत असतो. खुद्द बुकमन यांनी १९३६ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राशी बोलताना हिटलरविषयी कौतुकाचे उद्गार काढले आणि त्यावरून त्यांच्यावर आयुष्यभर टीका झाली. रोज पहाटे ऐकणाऱ्याचीही राजकीय समज तोकडी असू शकते. दुसरा वाद उपासनेच्या अंगाने आहे. पाचगणीच्या शिबिरांत सर्व धर्मांचे लोक असल्याने तेथे बायबलवाचनाची अट नसते, अंतर्मनाचा आवाज ऐका एवढेच सांगितले जाते. काही ख्रिस्ती अभ्यासकांच्या मते वचन वगळले की हाती फक्त वही उरते. केंद्राशी जोडलेल्या हिंदू आणि मुसलमान कार्यकर्त्यांना यात काही गमावल्यासारखे वाटत नाही.