घाटावरची ज्वारी आणि पेरणीची तारीख

गोव्यात ज्वारी पिकत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याची जमीन. इथे भात, आणि सत्तरीच्या डोंगरउतारावर कधीकाळी कुमेरीतली, म्हणजे रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीतली, नाचणी. ज्वारी ‘घाटावरची’. पण मधुमेहाने आमच्या ताटात भाकरी आणली, आणि चोर्ला घाटापलीकडे यंदा काय किडले याची चौकशी आता डिचोलीच्या गिरणीवरही होते.

उत्तर बहुतेक वेळा एकच: खोडमाशी. पीक उगवून आठवडा झाला की ती पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे अंडे चिकटवते. दोनेक दिवसांनी पहाटे अळी निघते, पानावरच्या दवातून सरपटत पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या पानांच्या सुरळीत, उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. मधले पान वाळते. ओढले की हातात येते. हीच पोंगेमर. रोप महिनाभराचे झाले की धोका बराचसा टळतो.

म्हणून जुना इलाज तारखेचाच. खरिपात पाऊस पडताच अख्ख्या शिवाराने एकदम पेरायचे. मागे राहिलेल्याच्या रानात माशीची पुढची पिढी हजर असते. रब्बीत मात्र घाई करणारा फसतो, म्हणून पेरणी १५ सप्टेंबरनंतर. बी थोडे जास्त टाकायचे आणि विरळणीत पोंगेमर झालेली रोपे उपटायची. सोलापूरकडच्या मोहोळला मालदांडी या गावठी ज्वारीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण रब्बीत इतके टिकले, त्यात त्याच्या चकचकीत पानांचाही वाटा असावा. अशा पानांवर माशी अंडी कमी घालते.

त्याआधीचा शत्रू निराळा होता: दख्खनचा, उडता न येणारा नाकतोडा. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याचे शास्त्रीय नावही त्यांच्यावरूनच पडले, कोलेमेनिया.

खरी घडी विस्कटली १९६४ नंतर. सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले, उत्पन्न वाढले. पण त्याचे आईबाप परदेशी, खोडमाशीला सहज बळी पडणारे. शिवाय लवकर फुलणारे संकरित आणि उशिरा फुलणारे गावठी शेजारी-शेजारी उभे राहिल्याने फुलोऱ्यात अंडी घालून कणसातले दाणे भरू न देणाऱ्या मिजमाशीला फुलोरा आठवडेच्या आठवडे मिळू लागला. दोष वाणाचा कमी, मोडलेल्या वेळापत्रकाचा जास्त, असे मला वाटते.

२०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात मक्यावर सापडली. तिथून ती ज्वारीवरही आली. तिचे पतंग रात्रीतून कित्येक किलोमीटर उडतात आणि उबदार मुलखात वर्षभर पिढ्या चालू राहतात. पेरणीची तारीख तिच्या गावीही नाही.